जुळणारे सुटे भाग : घरी जोडलेल्या गेमिंग संगणकाचा इतिहास

१. प्रस्तावना

बेंगळुरूच्या जुन्या पेठ भागात, टाउन हॉलपासून जवळ, सादर पत्रप्पा रोड आहे. सगळे त्याला एस. पी. रोड म्हणतात. मोटारी, पंप, हत्यारे, वायरी आणि लोखंडी सामान विकणाऱ्या या बाजारात संगणकाच्या सुट्या भागांची दुकानेही आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि दिल्लीत नेहरू प्लेस हे असेच बाजार आहेत. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी येथे येतात, एका दुकानातून मदरबोर्ड घेतात, दुसऱ्यातून रॅम, तिसऱ्यातून ग्राफिक्स कार्ड, आणि खोलीवर नेऊन सगळे जोडतात. तैवान, कोरिया, चीन आणि मलेशियातल्या कारखान्यांत बनलेले, एकमेकांना कधी न पाहिलेले हे भाग बहुतेक वेळा पहिल्याच प्रयत्नात चालू होतात.

आपल्याला ही गोष्ट साधी वाटते, पण ती साधी नाही. एका कंपनीच्या मोटारीचा गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीच्या मोटारीत बसत नाही. एका मिक्सरचे भांडे दुसऱ्या मिक्सरवर बसेलच असे नाही. मग संगणकाचे भाग का बसतात? आणि कधी कधी का बसत नाहीत?

या पाठाचे मुख्य विधान असे : सुसंगतता हा वस्तूचा अंगचा गुण नाही, तो माणसांनी केलेला करार आहे. जेथे करार झाला तेथे भाग जुळतात. जेथे तो मोडला किंवा झालाच नाही तेथे विद्यार्थ्याचे पैसे अडकतात. म्हणून भाग निवडताना विचारायचा प्रत्येक प्रश्न हा एका जुन्या घटनेचा अवशेष आहे.

२. १९८१ : उघडा ठेवलेला स्लॉट

आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. मोठे संगणक बनवताना ही कंपनी जवळजवळ सर्व भाग स्वतः तयार करीत असे. या वेळी मात्र घाई होती. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या गटाने बाजारात मिळणारे भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. मदरबोर्डवर पाच विस्तार-स्लॉट ठेवले आणि तांत्रिक पुस्तिकेत विद्युत-आकृत्या तसेच बायोसची आज्ञावलीसुद्धा छापून प्रसिद्ध केली.

हेतू असा, की इतर कंपन्यांनी या यंत्रासाठी कार्डे बनवावीत. तो सफल झाला. परिणाम मात्र हेतूच्या पुढे गेला. ज्याला कार्ड बनवता येते त्याला बोर्डही बनवता येतो, आणि ज्याला बोर्ड बनवता येतो त्याला पूर्ण यंत्रही बनवता येते. अडसर एकच उरला होता, बायोस. तिची आज्ञावली वाचायला उपलब्ध होती, पण लेखाधिकाराने संरक्षित होती.

३. नक्कल आणि खेळाची कसोटी

कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्सने १९८२ मध्ये आयबीएमशी सुसंगत यंत्र आणले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये कॉम्पॅकने आपला उचलून नेता येणारा संगणक जाहीर केला. कॉम्पॅकने बायोस नव्याने लिहिली. त्यासाठी दोन गट केले गेले. एका गटाने मूळ बायोस काय करते याचे वर्णन लिहिले. मूळ आज्ञावली कधीही न वाचलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवी बायोस लिहिली. काम तेच, शब्द वेगळे, म्हणून लेखाधिकाराचा भंग नाही. १९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीज अशी बायोस कोणत्याही उत्पादकाला विकू लागली आणि नक्कल करणे हा एक नियमित उद्योग झाला.

या काळात ‘सुसंगत’ शब्दाचा अर्थ कसा ठरला, हे पाहण्यासारखे आहे. डिजिटलचा रेनबो किंवा टँडी २००० ही यंत्रेही एमएस-डॉस चालवत. तरी आयबीएमसाठी लिहिलेले अनेक प्रोग्रॅम त्यांवर चालत नसत. कारण वेग मिळवण्यासाठी ते प्रोग्रॅम कार्यप्रणालीला न विचारता थेट हार्डवेअरशी, विशेषतः पडद्याच्या स्मृतीशी, व्यवहार करीत. असे वागण्यात खेळ सर्वांत पुढे होते. म्हणून नव्या यंत्राची परीक्षा घेण्यासाठी दोन प्रोग्रॅम प्रसिद्ध झाले : लोटस १-२-३ आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. विमान उडाले तर यंत्र सुसंगत. म्हणजे गेमिंग आणि सुसंगतता यांचे नाते आजचे नाही, ते पहिल्या दोन वर्षांतच जुळले.

४. १९८७ : दार बंद करण्याचा प्रयत्न

आयबीएमने २ एप्रिल १९८७ रोजी पीएस/२ ही नवी मालिका आणली. तिच्यात मायक्रो चॅनेल नावाची नवी बस होती. तांत्रिकदृष्ट्या ती जुन्या बसपेक्षा सरस होती. कार्डावरचे जंपर हलवण्याची गरज नव्हती, मांडणी सॉफ्टवेअरने होत असे. पण जुनी कार्डे तिच्यात बसत नव्हती आणि ती बस वापरू इच्छिणाऱ्यांना आयबीएमला परवाना शुल्क द्यावे लागणार होते.

१९८८ मध्ये कॉम्पॅक, एचपी, एप्सन, एनईसी यांच्यासह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी ईआयएसए ही पर्यायी बस जाहीर केली. जुनी कार्डे तिच्यात चालत होती. जुन्या बसला आयएसए हे नाव मिळाले तेही याच सुमारास. म्हणजे भांडण लागेपर्यंत त्या कराराला धड नावसुद्धा नव्हते. ईआयएसए महाग असल्याने घरगुती यंत्रांत फारशी पोहोचली नाही, पण मायक्रो चॅनेलही टिकली नाही. लोकांनी आधीच विकत घेतलेल्या कार्डांचे वजन नव्या तंत्रापेक्षा जास्त भरले. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे : उत्तम तंत्र जिंकतेच असे नाही. ज्यात जुनी गुंतवणूक वाया जात नाही ते तंत्र अनेकदा जिंकते.

५. भारतातले दुसरे दार : परवाना आणि जकात

तांत्रिक दार १९८१ मध्ये उघडले, तर एस. पी. रोडवर विद्यार्थी लगेच का आला नाही? कारण भारतात दुसरेही दार होते आणि ते बंद होते.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा कमी करावा लागत होता. ते मान्य नसल्याने आयबीएम १९७८ मध्ये भारतातून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. एचसीएल, विप्रो यांसारख्या देशी कंपन्या याच काळात उभ्या राहिल्या. आयातीला परवाने लागत आणि जकात जबर होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर झाले, जकात कमी झाली आणि परवाने सैल झाले. पुढच्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरूत आपले केंद्र सुरू केले. तरीही संगणक ही कार्यालयाने, बँकेने किंवा महाविद्यालयाने घ्यायची वस्तू राहिली.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर चित्र बदलू लागले. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूर येथे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत माहिती तंत्रज्ञान करार झाला. भारत १९९७ मध्ये त्यात सहभागी झाला आणि २००५ पर्यंत त्या यादीतील वस्तूंवरील जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचे त्याने मान्य केले. संगणक, सेमीकंडक्टर आणि त्यांचे भाग त्या यादीत होते. या कराराने देशी हार्डवेअर उत्पादकांचे नुकसान झाले अशी टीकाही झाली आहे, आणि ती गंभीरपणे वाचली पाहिजे. सुटे भाग स्वस्त झाले, पण ते येथे बनवण्याचे कारणही कमी झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने लॅपटॉप, टॅब्लेट अशा तयार यंत्रांच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले आणि नंतर त्यांऐवजी आयातीवर देखरेख करणारी व्यवस्था आणली. त्यामागे हाच जुना प्रश्न होता.

म्हणून भारतातल्या जोडलेल्या संगणकाचा इतिहास लिहिताना केवळ तंत्राचा इतिहास पुरत नाही. उघडे मानक ही आवश्यक अट होती, पुरेशी नव्हती. दोन्ही दारे एकत्र उघडली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात.

६. एक मराठी उदाहरण : जिस्ट कार्ड

उघड्या स्लॉटचा आपल्याला काय उपयोग झाला, याचे उत्तम उदाहरण पुण्यात आहे. १९८० च्या दशकात पीसीच्या पडद्यावर फक्त रोमन अक्षरे येत. देवनागरीतील जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार दाखवणे हे त्या काळच्या डॉसच्या आवाक्याबाहेरचे होते. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांवर काम केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते काम तेथे पुढे गेले. त्यातून जिस्ट कार्ड आले. हे कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवले, की रोमन अक्षरांसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्रॅम मराठीसह भारतीय लिप्यांतील मजकूर स्वीकारू व दाखवू शकत.

यासाठी आयबीएमची परवानगी घ्यावी लागली नाही. मराठीसाठी वेगळा संगणक बनवावा लागला नाही. आयबीएमच्या आराखड्यात मराठीचा विचार नव्हता, पण रिकामा स्लॉट होता. बंद यंत्रात भाषेलाही निर्मात्याच्या मर्जीची वाट पाहावी लागते. उघड्या यंत्रात ती स्वतःचे कार्ड घेऊन येते.

७. जंपर, दोन प्लग आणि लाल बटण

१९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड आले आणि पीसीवरचे खेळ बोलू लागले. पण कार्ड बसणे वेगळे आणि चालणे वेगळे. प्रत्येक कार्डाला एक पत्ता, एक इंटरप्ट क्रमांक आणि एक डीएमए वाहिनी लागे. हे आकडे कार्डावरचे जंपर हलवून ठरवायचे. दोन कार्डांनी एकच इंटरप्ट मागितला, की एक मुके होई किंवा यंत्र गोठे. खेळ सुरू करण्यापूर्वी तो हे आकडे विचारत असे आणि वापरणाऱ्याला ते पाठ असत.

इंटेलने १९९२ मध्ये पीसीआय बस आणली. तिच्यातील कार्ड स्वतःची ओळख सांगते आणि साधने मागून घेते. १९९५ च्या विंडोज ९५ ने ही सोय सामान्य वापरणाऱ्यापर्यंत नेली. १९९७ मध्ये खास ग्राफिक्ससाठी एजीपी स्लॉट आला आणि २००३ मध्ये पीसीआय एक्सप्रेसचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. या शेवटच्या मानकाने दिलेला शब्द अजून पाळला जातो. नव्या पिढीचे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये चालते, फक्त कमी वेगाने.

कॅबिनेट आणि एसएमपीएसची कथा वेगळी आहे. जुन्या एटी प्रकारच्या एसएमपीएसमधून बोर्डाला दोन सारखे प्लग जात. ते अदलाबदल करून लावता येत आणि तसे केल्यास बोर्ड जळे. ‘काळ्या वायरी मध्ये एकमेकींना लागून’ हा नियम शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगितला जाई. अनेक एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० व्होल्टसाठी लाल बटण असे. आपल्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा असल्याने ते चुकीच्या बाजूला राहिले, तर धमाका ठरलेला. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केले. त्यात स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा, मागच्या जोडण्यांची जागा आणि एकाच बाजूने बसणारा प्लग ठरवला. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, पुढे आलेला मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ आणि मिनी-आयटीएक्स १७० × १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, कारण छिद्रांच्या जागा मुद्दाम सामाईक ठेवल्या आहेत. चांगले मानक चुकीचे जोडणेच अशक्य करते. ते माणसाच्या सावधगिरीवर अवलंबून राहत नाही.

८. सॉकेट : करार मोडला तो ठिकाणा

१९९० च्या दशकाच्या मध्यात सॉकेट ७ मध्ये इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के-६ आणि सायरिक्सचा ६एक्स८६ हे तिन्ही बसत. एकच बोर्ड, तीन कंपन्यांचे प्रोसेसर. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम टूसाठी स्लॉट १ आणला आणि त्याचे हक्क स्वतःकडे ठेवले. एएमडीने १९९९ मध्ये ॲथलॉनसाठी स्लॉट ए आणला. तेव्हापासून दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. आज संगणक जोडताना ‘इंटेल की एएमडी’ हा प्रश्न बोर्डाच्या आधी सोडवावा लागतो, त्याचे कारण हे आहे.

त्यातही बारकावे आहेत. एलजीए ११५१ या सॉकेटमध्ये इंटेलचे २०१५ चे प्रोसेसर बसत आणि २०१७ चे आठव्या पिढीचेही बसत. तरी आठव्या पिढीला ३०० मालिकेचा नवा चिपसेट लागत असे. म्हणजे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने जुळणी, विद्युत व बायोसच्या दृष्टीने नाही. उलट एएमडीचा एएम ४ सॉकेट २०१६ पासून अनेक पिढ्या चालला. २०१७ च्या अनेक बोर्डांवर २०२० च्या मालिकेतील प्रोसेसर चालवण्याची अधिकृत सोय २०२२ मध्ये बायोस बदलून मिळाली. ज्याने जुना बोर्ड फेकला नव्हता त्याचे काही हजार रुपये वाचले.

रॅमचे मानक जेडेक ही समिती ठरवते. तेथे पिढ्यांमधली भिंत मुद्दाम उभी केलेली आहे. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ दोन्हींना २८८ संपर्क आहेत, पण खाच वेगळ्या जागी आहे. कारण विद्युत रचना बदलली आहे. न बसणे हीदेखील येथे सुरक्षेची सोय आहे.

९. इतिहासातून आजची यादी

आता खरेदीला जाणाऱ्या विद्यार्थ्याने काय तपासावे, हे वरील इतिहासावरून क्रमाने लिहू.

(अ) प्रोसेसर व बोर्ड : सॉकेटचे नाव जुळणे पुरेसे नाही. बोर्ड-उत्पादकाच्या संकेतस्थळावरील प्रोसेसर यादी पाहावी आणि त्यासाठी बायोसची कोणती आवृत्ती लागते तेही पाहावे.

(आ) बोर्ड व रॅम : एलजीए १७०० सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर ४ घेतात तर काही डीडीआर ५. एएम ५ फक्त डीडीआर ५ घेतो. एकाच क्षमतेच्या दोन पट्ट्या जोडीने घ्याव्यात.

(इ) ग्राफिक्स कार्ड व कॅबिनेट : स्लॉटचा करार पक्का आहे, लांबीचा नाही. कार्डाची लांबी व जाडी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी व कॅबिनेटच्या मर्यादेशी ताडून पाहावी.

(ई) एसएमपीएस : स्लॉटमधून ७५ वॅट, सहा-पिन जोडणीतून ७५ आणि आठ-पिन जोडणीतून १५० वॅट मिळतात. समजा प्रोसेसर १५०, कार्ड २२० आणि बाकी सर्व ६० वॅट घेते. बेरीज ४३० वॅट. क्षणिक मागणी याहून वर जाते, म्हणून ६०० ते ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस घ्यावा. खर्च कमी करताना हा भाग सर्वांत शेवटी कापावा, कारण तो बिघडल्यास इतरांनाही घेऊन जातो.

(उ) मॉड्युलर केबल : बोर्डाकडचे टोक मानकानुसार असते, एसएमपीएसकडचे टोक मात्र कोणत्याही मानकात नाही. एका एसएमपीएसची केबल दुसऱ्यात बसली म्हणून लावू नये. ती बसते आणि तरीही भाग जाळू शकते. एटीचे दोन प्लग गेले, त्यांचा धोका येथे नव्या रूपात शिल्लक आहे.

नवे मानकही चुकू शकते. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० या ४५० वॅटच्या कार्डाबरोबर ६०० वॅटपर्यंतची सोळा-पिन जोडणी आली. काही ठिकाणी ती वितळली. प्लग पूर्ण आत न बसणे हे एक मुख्य कारण पुढे आले. २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, जिच्यात प्लग नीट बसला नसेल तर कार्डाला ते आधी कळावे म्हणून ओळख-पिना आखूड केल्या.

१०. समारोप

आपण तीन प्रकारचे करार पाहिले. पहिला, एकाने केले आणि इतरांनी उचलले : आयएसए. दुसरा, एका कंपनीने लिहून सर्वांसाठी मोकळा सोडला : एटीएक्स. तिसरा, समितीत बसून ठरला : जेडेकची रॅम. चौथी जागा कराराविना आहे : प्रोसेसरचा सॉकेट.

या फरकाचा संबंध सरळ खिशाशी आहे. सुटे भाग जुळतात तेव्हा ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत तोही संगणक घेऊ शकतो. यंदा प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर भागवायचे, पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती आली की कार्ड घ्यायचे. जुनी रॅम मित्राला विकायची. आज अनेक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते. यंत्र पातळ आणि वेगवान होते, पण ही हप्त्याने वाढण्याची सोय जाते. स्क्रूड्रायव्हर हातात असणे म्हणजे यंत्राबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार आपल्याकडे असणे. तो अधिकार १९८१ मध्ये घाईतून, जवळजवळ नकळत मिळाला. १९८७ मध्ये तो परत घेण्याचा प्रयत्न झाला आणि फसला. पुढच्या वेळीही तो फसेलच, याची हमी इतिहास देत नाही.

स्वाध्याय

१. ‘उघडे मानक ही आवश्यक पण पुरेशी अट नव्हती.’ भारताच्या संदर्भात चर्चा करा.

२. मायक्रो चॅनेल तांत्रिकदृष्ट्या सरस असूनही का टिकली नाही?

३. आपल्या गावातील किंवा शहरातील जुन्या संगणक-दुरुस्ती करणाऱ्या व्यक्तीची मुलाखत घ्या. त्यांनी पाहिलेले तीन बंद पडलेले स्लॉट किंवा सॉकेट यांची नोंद करा आणि प्रत्येक का बंद पडला ते लिहा.

४. ठरावीक रकमेत एक संगणक कागदावर जोडा. प्रत्येक दोन भागांमधील जोडणी कोणत्या प्रकारच्या करारावर उभी आहे, ते शेजारी लिहा.